तेल कुणाच्या वाट्याला?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या आरोग्य शिबिरातील भाषणाचा मजकूर)

आरोग्याच्या शिबिरात आपण रक्तपांढरीवर बोलतो, गर्भाशयाच्या दुखण्यांवर बोलतो, नसबंदीच्या ऑपरेशनवर बोलतो. आज मी तेलावर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा एक मैत्रीण हसून म्हणाली, "हे तर मासिकाच्या पाककृतीच्या पानावर येतं, आपल्या शिबिरात कशाला?" तिला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. ते आज देते.

सुरुवात माझ्या घरापासून करते. बारा वर्षांपूर्वी, मी समाजकार्याच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले, ते वाचले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले. वडिलांना तपासलं आणि मग आईकडे वळून विचारलं, "घरात तेल कुठलं वापरता?" आई पदर सावरत उभी राहिली. गुन्हा कबूल करावा तसं तिनं तेलाचं नाव सांगितलं. वडील रोज डझनभर सिगारेटी ओढत होते, ऑफिसच्या खालच्या गाडीवर रोज वडे खात होते. ते कुणी विचारलं नाही. भेटायला आलेल्या आत्या-काकूही आईलाच म्हणाल्या, "जरा लक्ष द्यायला हवं होतंस."

आईनं लक्ष दिलं. वडिलांसाठी महागाचं तेल वेगळ्या बाटलीत आलं. त्यांची भाजी वेगळी होऊ लागली. ती स्वतः मात्र जुन्याच तेलात, आणि सणावाराला तळणीतून उरलेलं काळपट तेल टाकवत नाही म्हणून त्यातच, आपली भाजी फोडणीला टाकत राहिली. सहा वर्षांनी तिला दम लागायला लागला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये दुखायचं, जिना चढताना गळून जायची. तिला पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. "वय झालं, कामाचा ताण असेल," असं ऐकायला मिळालं. दोन महिने असे गेले. शेवटी आलेख काढला तेव्हा कळलं की एक झटका येऊन गेलेला आहे.

आई आज बरी आहे, गोळ्या चालू आहेत. तिचा आजार त्या उरलेल्या तेलानंच झाला, असा दावा मी करणार नाही. हृदयविकाराला एकच कारण नसतं. पण एक गोष्ट मनातून जात नाही. आई आजारी पडली तेव्हा कुणीही वडिलांना विचारलं नाही, "घरात तेल कुठलं वापरता?"

म्हणून हा आपला विषय आहे. तेलाची जबाबदारी बाईची, दोष बाईचा, आणि वाटा मात्र शेवटचा.

मोळीतल्या काड्या

आधी शरीराचं समजून घेऊ. शास्त्र कळलं नाही की आपण डॉक्टरच्या, जाहिरातीच्या नाहीतर शेजारणीच्या म्हणण्यावर चालतो.

तेल, तूप, लोणी, खोबरं, दाणे, तीळ, माशांमधली चरबी या सगळ्यांना मिळून स्निग्ध पदार्थ म्हणू. हे ज्या लहान घटकांचे बनलेले असतात त्यांना मेदाम्लं म्हणतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. एक काडीच म्हणा ना. काही काड्या सरळ असतात. ती संपृक्त मेदाम्लं. काही एका जागी वाकलेल्या असतात, काही दोन-तीन जागी. ती असंपृक्त.

आपल्यातल्या ज्यांनी सरपण गोळा केलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सरळ काड्यांची मोळी घट्ट बसते. वाकड्या काटक्यांची मोळी सैल राहते, मधे जागा उरते. तूप आणि खोबरेल थंडीत थिजतं, कारण त्यात सरळ काड्या जास्त. करडईचं, सूर्यफुलाचं तेल थंडीतही पातळ राहतं, कारण त्यात वाकड्या काड्या जास्त. कुठल्याही तेलात एकाच जातीच्या काड्या नसतात, मिसळ असते. खोबरेलात दहातल्या नऊ सरळ. रेशनवर कधीमधी येणाऱ्या पामतेलात निम्म्याला थोड्या कमी सरळ. शेंगदाण्याच्या तेलात एका जागी वाकलेल्या सर्वांत जास्त. करडईत दोन जागी वाकलेल्या साधारण तीन चतुर्थांश.

आपण जेवलो की पित्तरस या तेलाचे बारीक थेंब करतो, पाचकरस त्यातून मेदाम्लं सुटी करतात आणि आतड्यातून ती रक्तात जातात. स्नायू ती जाळून ताकद मिळवतात. उरलेली चरबी म्हणून साठतात आणि दोन जेवणांच्या मध्ये, रात्री, उपासाच्या दिवशी पुन्हा बाहेर येतात. एक ग्रॅम तेलातून नऊ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम पिठातून चार. आपलं हृदय दिवसरात्र धडधडतं, तेही मोठ्या प्रमाणात मेदाम्लांवरच. ज्याला आपण हृदयाचा वैरी म्हणून शिव्या देतो ते त्याचं सरपण आहे.

काम एवढ्यावर संपत नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीचं आवरण मेदाम्लांचं असतं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषली जात नाहीत. म्हणजे पालेभाजी नुसती उकडून खाल्ली तर तिच्यातलं अ जीवनसत्त्वाचं सत्त्व बरंचसं वाया जातं. चमचाभर तेलाची फोडणी ही त्या भाजीची किल्ली आहे. पाळीत ओटीपोटात ज्या कळा येतात, बाळंतपणात गर्भाशय आकुंचन पावतं, त्यामागे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात. तीही मेदाम्लांपासूनच तयार होतात. बाईच्या शरीराचा आणि तेलाचा संबंध स्वैपाकघरापुरता नाही, तो आतपर्यंत आहे.

दोन मेदाम्लं अशी आहेत की ती आपल्या शरीराला तयार करताच येत नाहीत, खाण्यातूनच मिळवावी लागतात. हे अमेरिकेत जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या जोडप्यानं १९२९ साली दाखवलं. उंदरांच्या आहारातून त्यांनी स्निग्ध पदार्थ पूर्ण काढून टाकले. उंदरांची वाढ थांबली, कातडी खवल्यांसारखी झाली, मूत्रपिंडं बिघडली. तोवर स्निग्ध पदार्थ म्हणजे नुसतं जळण, असा समज होता. या दोन मेदाम्लांपैकी एक ओमेगा-६ गटातलं. ते करडई, सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा यांतून भरपूर मिळतं. दुसरं ओमेगा-३ गटातलं. ते आपल्या जेवणात कमी पडतं. ते जवसात आहे, थोडं मोहरीच्या आणि सोयाबीनच्या तेलात आहे. बांगडा, तारली अशा माशांत तर त्याचं पुढचं तयार रूपच असतं. बाळाचा मेंदू आणि डोळे घडायला ते रूप लागतं. जवसातल्या ओमेगा-३ पासून आपलं शरीर ते रूप थोडंसंच बनवू शकतं. मात्र मूल होण्याच्या वयातल्या बायकांचं शरीर पुरुषांपेक्षा ते जास्त बनवतं, असं अभ्यासात दिसलं आहे. निसर्गानं आईची सोय केली आहे. पण कच्चा माल ताटात आला तरच ना!

सरळ केलेली काडी

आता वाईट कुठलं ते पाहू.

सरळ काड्यांचं, म्हणजे संपृक्त मेदाम्लांचं प्रमाण जेवणात फार झालं की यकृत रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल उचलण्यात मंद होतं. ते रक्तात साचतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं. म्हणून रोजचा सगळा स्वैपाक तुपात, खोबरेलात किंवा नुसत्या पामतेलात करू नये. याचा अर्थ वरणावरचं चमचाभर तूप किंवा आमटीतलं ओलं खोबरं विष आहे असा नाही.

याहून वाईट आहे ती माणसानं मुद्दाम सरळ केलेली काडी. पातळ, स्वस्त तेलात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करायची युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. आपल्याकडे १९३७ पासून ते डालडा म्हणून घरोघर पोचलं. तूप परवडत नव्हतं त्यांना तुपासारखं काहीतरी मिळालं. पण या प्रक्रियेत काही वाकड्या काड्या अर्धवट सरळ होतात. त्यांना ट्रान्स मेदाम्लं म्हणतात. ती एलडीएल वाढवतात आणि वर चांगलं एचडीएल कोलेस्टेरॉल कमी करतात. १९९० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे प्रयोगानं दाखवून दिलं.

यातला मोठा पुरावा बायकांकडून आला. अमेरिकेत १९७६ साली एक लाखाहून जास्त परिचारिकांचा अभ्यास सुरू झाला. सुरुवातीचा हेतू होता गर्भनिरोधक गोळ्यांचे दूरगामी परिणाम पाहण्याचा. गर्भनिरोधकांचे प्रयोग बायकांवर होतात आणि त्यांची खबरबात मात्र कुणी घेत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. नेट-एन इंजेक्शनविरुद्ध १९८६ साली आपल्या चळवळीतल्या बायका सुप्रीम कोर्टात गेल्या त्या याचसाठी. असो. त्या परिचारिकांना १९८० पासून खाण्यापिण्याबद्दलही विचारायला लागले. त्यांतल्या ८० हजार बायकांची १४ वर्षांची माहिती १९९७ साली प्रसिद्ध झाली. एकूण किती स्निग्ध पदार्थ खाल्ले याच्याशी हृदयविकाराचा फारसा संबंध दिसला नाही. कुठले खाल्ले याच्याशी दिसला. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी फक्त दोन टक्के ट्रान्समधून येत असतील, म्हणजे दिवसाला साधारण चार ग्रॅम, एक लहान चमचा, आणि त्याऐवजी साधं पातळ तेल घेतलं, तर हृदयविकाराचा धोका निम्म्याहून कमी होईल असा अंदाज निघाला.

दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात पाळी गेलेल्या जवळजवळ ४९ हजार अमेरिकन बायका होत्या. त्यातल्या एका गटाला स्निग्ध पदार्थ एकूणच कमी करायला सांगितलं. आठ वर्षांनंतर, २००६ साली, निष्कर्ष आला की नुसतं कमी करून हृदयविकार कमी झालेला नाही. "तेल बंद करा" या सल्ल्यात किती तथ्य आहे, ते यावरून पाहा.

आपल्या देशात कायद्यानं ट्रान्स मेदाम्लांवर २०११ पासून टप्प्याटप्प्यानं मर्यादा आणली. जानेवारी २०२२ पासून ती तेला-तुपात आणि त्यांपासून बनवलेल्या पदार्थांत दोन टक्क्यांवर आली आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण आमच्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांचा सकाळचा नाश्ता म्हणजे चहा आणि खारी, नाहीतर चहा आणि टोस्ट. पहाटे पाचला घर सोडणारी बाई पोळीभाजी करून खाऊन जाऊ शकत नाही. ती खारी सुटी मिळते, वेष्टन नाही, छापील माहिती नाही. तिच्यात कुठली चरबी घातली आहे ते कसं कळणार? कायदा पाकिटावर वाचता येतो. सुट्या मालापर्यंत तो पोचतो की नाही, हे अन्न आणि औषध प्रशासनाला विचारायचं काम आपलं आहे.

तळणीच्या तेलाचंही असंच. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते विघटतं, त्यात घातक द्रव्यं वाढतात. हॉटेलांसाठी याची मर्यादा कायद्यात २०१८ पासून आहे. घरातल्या बाईसाठी कायदा नाही. तिथे काटकसर हाच कायदा. उरलेलं तेल कुणाच्या भाजीत जातं ते मी सुरुवातीला सांगितलं. तेव्हा तळण कमी करा, कढई लहान घ्या, तेल कमी उरेल असं पाहा. उरलंच तर गाळून दोन-तीन दिवसांत परतण्याला वापरून संपवा. काळं, फेसाळ, वास येणारं तेल टाकून द्या. तुमचं शरीर त्या तेलापेक्षा महाग आहे.

तवंग वरच असतो

आता वाटणीकडे येऊ.

आमच्या वस्तीतल्या गटात आम्ही एक साधा हिशोब केला. महिन्याला घरात किती तेल येतं ते प्रत्येकीनं सांगायचं आणि त्याला घरातल्या माणसांनी भागायचं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०१० साली दिलेलं माप आम्ही फळ्यावर लिहिलं. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २० ग्रॅम तेलतूप, मध्यम कामाला २५, कष्टाच्या कामाला ३०. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ३०. एका लहान चमच्यात साधारण पाच ग्रॅम धरा. म्हणजे चार ते सहा चमचे. पाच माणसांच्या घरात महिन्याला सव्वातीन ते चार किलोच्या आसपास. काही घरांत आकडा बरोबर आला, काहींत खूप कमी, दोन घरांत दुप्पट.

मग एक बाई, ती बांधकामावर जाते, म्हणाली, "ताई, तुमचा भागाकार खोटा आहे." मी विचारलं, का? ती म्हणाली, "तवंग वरच असतो, आणि मी शेवटी जेवते."

मैत्रिणींनो, दोन वर्षं पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. वरची तर्री नवऱ्याला आणि मुलग्यांना, मधली मुलींना, आणि तळाचं पाणी तिला. ती डोक्यावर विटा वाहते. फळ्यावरच्या तक्त्याप्रमाणे तिचा वाटा घरात सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी आहे. घरात तेल किती येतं हे दुकानदाराला विचारून कळेल, ते कुणाच्या पोटात जातं हे फक्त बाईला विचारूनच कळतं.

याचे परिणाम पुढच्या पिढीवर होतात, हे सांगायला परदेशात जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये १९९३ पासून गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला. सुमारे आठशे बायका. गरोदर होण्याआधी त्यांचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आत. चौथ्या-पाचव्या महिन्यात त्या दिवसाला साधारण १,७७० कॅलरी खात होत्या, सातव्या महिन्यात त्याहूनही शंभर कमी. पोटातलं बाळ वाढतंय आणि आईचं ताट लहान होतंय! पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरलं. ज्या बायकांच्या जेवणात चौथ्या-पाचव्या महिन्यात स्निग्ध पदार्थ जास्त होते त्यांची बाळं लांबीला आणि वजनाला जास्त होती. दूध, पालेभाज्या आणि फळं खाणाऱ्यांच्या बाळांत फरक आणखी ठळक होता. पुण्यातल्याच संशोधकांनी पुढे दाखवलं की आपली लहान दिसणारी बाळं हाडामांसानं कमी पण चरबीनं तेवढी कमी नसतात, आणि मोठेपणी मधुमेहाकडे झुकण्याची बीजं तिथे असू शकतात.

म्हणजे आईची उपासमार आणि मुलाचा मधुमेह या दोन टोकांच्या गोष्टी नाहीत. पाहणीचे आकडेही तेच सांगतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ १९ टक्के फार बारीक होत्या आणि २४ टक्के वजनानं जास्त. ५७ टक्क्यांना रक्तपांढरी होती. जाड बाई खाऊनपिऊन सुखी असते, हा गैरसमज आहे. भात, साबुदाणा, मैदा, साखरेचा चहा यांवर पोट भरणाऱ्या बाईच्या शरीरात जास्तीच्या साखरेपासून यकृत स्वतःच चरबी तयार करतं. ती रक्तात फिरते, पोटावर साठते. तेलाचा थेंब न खाताही रक्तातली चरबी वाढू शकते, ती अशी. तेल कमी करून त्या जागी भात आणि साखर वाढवली तर फायदा शून्य.

आणि पाळी गेल्यानंतर बाईच्या रक्तातलं एलडीएल वाढतं, तिचं आधीचं संरक्षण कमी होतं. हृदयरोग हा पुरुषांचा रोग, हे साफ खोटं आहे. आपल्या देशात बायकांच्या मृत्यूचंही ते सर्वांत मोठं कारण आहे. छातीत दुखणं हे लक्षण बायकांतही असतंच, पण दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, न सरणारा थकवा ही लक्षणं बायकांत जास्त आढळतात आणि "पित्त", "टेन्शन" म्हणून उडवून लावली जातात. कुणी उडवून लावली तर उठून येऊ नका. "माझा आलेख काढा," म्हणा.

काय करायचं?

स्वैपाकघरात करण्यासारखं फार अवघड नाही. एकाच तेलावर राहू नका. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, मोहरी असं आलटून पालटून आणा. करडई ही आपल्या सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानातली, जवस विदर्भातलं. परदेशी महाग तेलाच्या बाटलीवाचून आपलं अडत नाही. जवस भाजून, कुटून, थोडी थोडी चटणी करा, कारण ती लवकर खवट होते. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटायचेच. दोन चमचे चटणीत दिवसाचं ओमेगा-३ भागतं. कोकणात आणि किनाऱ्याला राहणाऱ्यांनी आणि मासे खाणाऱ्यांनी महाग पापलेटाचा सोस सोडून स्वस्त बांगडा-तारली खावी. बाळंतिणीला अळीव, डिंक, तूप, खोबरं देण्याची रीत चांगली आहे. मुलगी झाली म्हणून लाडवांचा डबा लहान होत असेल, तर त्या घरात आपण जाऊन बोललं पाहिजे.

पण मी इथे थांबले तर तुमच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवून जाईन. तेल बदला, चटणी कुटा, मोजून घाला, सगळं पुन्हा बाईनंच. तेलाच्या जाहिराती आठवा. नवऱ्याच्या हृदयाची काळजी वाहणारी, हसतमुख बायको. तिच्या स्वतःच्या हृदयाचं नाव कुणी घेत नाही. म्हणून पहिली गोष्ट घरातच. एकत्र बसून जेवा. तर्री ढवळून वाढा. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण ज्या बायकांनी हे करून पाहिलं त्यांना विचारा, त्यावरून किती भांडणं झाली ते. आणि ज्याला पथ्य आहे त्यानं आपलं पथ्य स्वतः शिकावं, स्वतः फोडणी टाकावी.

दुसरी गोष्ट रेशनची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ, गहू, भरडधान्य. डाळ नाही, तेलाचा थेंब नाही. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्रात शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल मिळालं, तेव्हा रेशन दुकानांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. सणाला दिलेली भेट म्हणजे हक्क नव्हे. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल सर्वांत जास्त. सरकार पामच्या लागवडीसाठी २०२१ पासून मोठी योजना राबवतं आहे. मग करडई, जवस, भुईमूग पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकरी बाईला भाव का नाही, आणि तेच तेल रेशनवर का नाही, हा प्रश्न आपण विचारायला हवा. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि मुंबईतल्या हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या महागाईविरुद्ध, रेशनसाठी. आपली मागणी त्यातच एक पाऊल पुढची आहे. भरपूर हवं, आणि चांगलंही हवं.

तिसरी गोष्ट गरोदर बायकांची. आदिवासी भागात २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचं ताजं जेवण देण्याची अमृत आहार योजना आहे. आपल्या भागात ते रोज मिळतं का, त्यात भाजीला तेल पडतं का, बाई ते तिथेच बसून खाते की डबा भरून घरी नेते आणि वाटून टाकते, हे प्रत्येक मंडळानं जाऊन पाहावं. चौथी गोष्ट, चाळिशीनंतरच्या बायकांचा रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासली जावी, ही मागणी आजच्या ठरावात घाला.

त्या मैत्रिणीला द्यायचं उत्तर एवढंच, की पाककृतीच्या पानावर तेल किती चमचे ते लिहिलेलं असतं. ते कुणाच्या ताटात, हे लिहिलेलं नसतं. ते आपल्याला लिहायचं आहे.

दुपारी इथे जेवण आहे. भाजीचं पातेलं आधी ढवळा, मग वाढायला घ्या.